कोऱ्या कागदाचें उत्तर

एखाद्यानें आपणांस कोरा कागद पाठविला, तर त्यास उत्तर काय लिहावें? प्रश्न ऐकतांच वाचक हंसतील, आणि त्यांनीं हंसावें अशीच आमची इच्छा आहे. कारण जें कोडें ऐकतांक्षणीं हंसूं येत नाहीं, तें बहुधा कोडें नसून हिशेब असतो. परंतु रावेर तालुक्यांत वाढलेल्या आमच्यासारख्या माणसांस हा प्रश्न नवा नाहीं. तालुक्याच्या दक्षिण अंगानें तापी वाहते. पुढें तिला जेथें पूर्णा मिळते, तेथें चांगदेव ह्याच नांवाचें गांव असून चांगदेवाचें जुनें दगडी देऊळ आहे. हतनूरच्या धरणामुळें संगमाचें पाणी आतां दूरवर पसरलेलें दिसतें. ज्याला आमच्या लहानपणीं सगळे एदलाबाद म्हणत, त्या मुक्ताईनगराच्या परिसरांत कोथळी आणि मेहूण येथें मुक्ताबाईचीं देवळें आहेत. माघाच्या वद्य पक्षांत, महाशिवरात्रीच्या सुमारास, ह्या दोघांची मिळून यात्रा भरते. त्या यात्रेला आम्ही आजीचें बोट धरून अनेकदां गेलों आहों, आणि कोऱ्या कागदाची गोष्ट प्रथम तेथेंच ऐकिली आहे.

गोष्ट महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. तरी तिच्यांतील कोडें नीट दिसावें म्हणून ती पुन्हां सांगितली पाहिजे. योगबळानें काळाला चुकवीत चांगदेव चौदाशें वर्षें जगले होते. शिष्य पुष्कळ, सिद्धी पुष्कळ, आणि अभिमानही त्या मानानें. अशा वेळीं आळंदीच्या एका कोवळ्या पोराची कीर्ति तापीकांठीं येऊन पोंचली. चांगदेवांस वाटलें, आधीं पत्र लिहावें. लेखणी हातांत घेतली, आणि पहिल्याच शब्दाशीं घोडें अडलें. मायना काय घालावा? वयानें पाहावें तर समोरचा केवळ नातवंडाच्याही नातवंडासारखा. त्यास 'चिरंजीव' लिहिणें प्राप्त. ज्ञानानें पाहावें तर तो वडील; त्यास 'तीर्थरूप' लिहिणें प्राप्त. एक लिहावें तर दुसरें खोटें ठरतें. शेवटीं चांगदेवांनीं कांहींच लिहिलें नाहीं, आणि शिष्याच्या हातीं कागद तसाच कोरा पाठवून दिला.

ह्या अडचणींतला विनोद आमच्या लक्षांत फार उशिरां आला. 'चिरंजीव' म्हणजे दीर्घकाळ जगणारा. चौदाशें वर्षें जगलेला मनुष्य विशीच्या आंतील मुलाला चिरंजीव म्हणावें कीं न म्हणावें, ह्या विवंचनेंत बसला आहे, आणि त्या शब्दाचा खरा धनी आपणच आहों हें मात्र त्याच्या ध्यानांत येत नाहीं! लोककथा रचणाऱ्यांस आपण भोळे समजतों. पण एवढी थट्टा भोळ्या माणसास साधत नाहीं.

कागद आळंदीस पोंचला. तो भावंडांच्या हातांतून फिरला. मुक्ताबाई सर्वांत धाकटी. तिनें पाहिला आणि ती म्हणाली कीं, चौदाशें वर्षें तप करूनही हा अजून कोराच राहिला कीं! निवृत्तिनाथांनीं ती थट्टा मनावर घेतली नाहीं. त्यांनीं ज्ञानदेवांस सांगितलें कीं, ह्याला नीट उत्तर लिही. ज्ञानदेवांनीं पासष्ट ओव्या लिहिल्या. तेच 'चांगदेव पासष्टी' हें प्रकरण. त्याचा अर्थ उमगेना म्हणून चांगदेव जातीनें निघाले, वाघावर बसून आणि हातांत सर्पाचा चाबूक घेऊन. आणि हीं भावंडें ज्या भिंतीवर बसलीं होतीं ती भिंतच त्यांस सामोरी चालत गेली. भिंतीचा चमत्कार चित्रांत चांगला शोभतो, आणि आळंदीस भिंतही दाखवितात. आम्हांस मात्र भिंतीपेक्षां कागदाचें नवल अधिक वाटतें. भिंत चालविण्यास सिद्धि लागते. कोऱ्या कागदास उत्तर देण्यास डोकें लागतें.

चांगदेवांची अडचण आजच्या तरुण वाचकांस क्षुल्लक वाटेल. त्यांच्या पत्रांत सर्वच 'प्रिय' असतात, आणि बहुधा पत्रेंच नसतात. परंतु ज्यांनीं जुनीं दप्तरें चाळलीं आहेत त्यांस मायना म्हणजे काय प्रकरण होतें हें सांगावयास नको. वडिलांस तीर्थरूप, वडिलांसमान माणसास तीर्थस्वरूप, धाकट्यास चिरंजीव, विद्वान् ब्राह्मणास वेदशास्त्रसंपन्न, बरोबरीच्या गृहस्थास राजमान्य राजेश्री, सवाष्णीस सौभाग्यवती आणि विधवेस गंगाभागीरथी. कोणास दंडवत, कोणास साष्टांग नमस्कार, कोणास नुसता आशीर्वाद, हें सर्व ठरलेलें. हे नियम शिकविणारीं 'मेस्तकें' असत, आणि त्यांतलीं कांहीं यादवांचा मंत्री हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत ह्याच्या नांवावर चालत आलीं आहेत. म्हणजे परंपरेप्रमाणें ज्या राज्याच्या दफ्तरखान्यांतून कोणास काय म्हणावें ह्याचे कायदे निघाले, त्याच राज्याच्या अमदानींत हा मायना नसलेला कागद तापीकांठाहून आळंदीस गेला. मराठींत पत्राची पहिली ओळ लिहावयाची म्हणजे लिहिणारा वर कीं वाचणारा वर, ह्याचा निकाल आधीं द्यावा लागे. मजकूर मागाहून.

आणि ज्यांस हा कागद गेला तीं मुलें ह्या शिडीच्या कोणत्या पायरीवर होतीं? कोणत्याच नाहीं. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेनें पुन्हां संसार केला. म्हणून संन्याशाचीं मुलें ह्या नात्यानें तीं वाळींत पडलेलीं. आपणांस समाजांत जागा मिळावी म्हणून शुद्धिपत्र मागावयास तीं पैठणास गेलीं, असें परंपरा सांगते. एका पत्रासाठीं पायपीट करून थकलेल्या मुलांच्या दारांत दुसरें पत्र आपल्या पायांनीं चालत आलें, आणि त्यावर अक्षरही नव्हतें! मुक्ताबाईच्या हंसण्यांत हा सर्व अनुभव असला पाहिजे, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

आतां आमच्या वर्गांतली एक हकीकत सांगतों. ती सांगण्यांत आमचा मोठेपणा नाहीं. पण ह्या निबंधाचें मूळ तिच्यांत आहे. पंधरा-सोळा वर्षांमागें यादवकाल शिकवितांना वर्ग पेंगुळलेला पाहून आम्हीं पाठ बाजूस ठेविला आणि मुलांस विचारलें, "हा कोरा कागद तुम्हांस आला असता तर तुम्हीं काय केलें असतें?" क्षणांत सगळे जागे झाले. वाणिज्य शाखेकडून आलेला एक मुलगा म्हणाला, "सर, खालीं सही आहे का पाहिलें असतें. सही असेल तर आंकडा आपण भरावा!" दुसऱ्यानें सुचविलें कीं कागद दिव्यावर धरावा, कांद्याच्या रसानें लिहिलें असेल तर अक्षरें उमटतील. तिसऱ्यानें उत्तराचा मजकूरच सांगितला: आपलें पत्र पावलें, अक्षर न् अक्षर वाचलें, आमचेंही म्हणणें हेंच आहे. एका मुलीनें सांगितलें कीं ती तोच कागद परत पाठवील आणि वर लिहील, 'शुद्धलेखनांत एकही चूक नाहीं.' केळींचा मळा असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलानें कागदाऐवजीं केळीचें कोवळें पान पाठविण्याचें ठरविलें. तेंही कोरेंच, पण त्यावर निदान जेवतां तरी येईल. वर्गांत हंशाचा कल्लोळ उडाला, आणि बाजूच्या वर्गाचे प्राध्यापक दारांतून डोकावून गेले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हंसला नाहीं. तो उभा राहून म्हणाला, "सर, त्या काळीं तापीकांठीं कागद होता का?"

आम्हीं त्यास सांगितलें कीं, यावल येथें जाडाभरडा देशी कागद होत असे, एरंडोलासही होत असे, गॅझेटियर पाहावें. तो म्हणाला, "तें इंग्रजी अमदानींतलें गॅझेटियर. त्यावरून तेराव्या शतकांत कागद होता असें कसें म्हणावें? आणि कागद हा शब्दच फारसी." आम्हांस राग आला. उत्तर नव्हतें म्हणून आला, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. आम्ही म्हणालों, "आम्हीं उत्तर विचारलें आहे, आणि तूं प्रश्नच खोडून काढतो आहेस. ही हुशारी नव्हे, पळवाट आहे." वर्ग पुन्हां हंसला, ह्या वेळीं त्याला. तो खालीं बसला, आणि त्यानंतर वर्षभर त्यानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं.

प्रश्नच खोडून काढणें ही पळवाट आहे काय? एडवर्ड डी बोनो ह्या ग्रंथकारानें इसवी सन १९६७ मध्यें विचार करण्याच्या एका निराळ्या रीतीस 'लॅटरल थिंकिंग' असें नांव दिलें. आपण त्यास आडवा विचार म्हणूं. त्याचें म्हणणें असें कीं, आपण एकच खड्डा अधिकाधिक खोल खणीत बसतों. पाणी नसेल तर दुसरीकडे खणावें हें सुचत नाहीं. त्यानें उदाहरणादाखल दिलेली सावकाराची गोष्ट प्रसिद्ध आहे. कर्जदाराच्या मुलीवर सावकाराची नजर. तो म्हणतो, थैलींत एक काळा आणि एक पांढरा खडा टाकतों. मुलीनें एक काढावा. पांढरा निघाला तर कर्जही माफ आणि मुलगीही मोकळी. थैलींत टाकतांना त्यानें दोन्ही खडे काळेच टाकले, हें मुलीनें पाहिलें. तिनें खडा काढला, आणि कोणीं पाहण्यापूर्वींच वाटेवरच्या खड्यांत पडूं दिला. मग म्हणाली, हातून निसटला खरा. पण थैलींत उरला आहे त्याच्या रंगावरून माझा कोणता होता तें कळेलच! सगळे निघणाऱ्या खड्याकडे पाहत होते. मुलीनें उरणाऱ्या खड्याकडे पाहिलें. येथेंही सोडविणारी धाकटी पोरच आहे.

ह्याच्या उलट प्रकारचीं कोडींही असतात, आणि त्यांचा आद्य आचार्य आमच्या खानदेशाच्या वाट्यास थोडाबहुत आला आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें एका कंजूष दात्याचें उदाहरण आहे. त्यानें याचकास एका द्रम्माच्या चतुर्थांशाच्या सोळाव्या भागाच्या पंचमांशाच्या तीनचतुर्थांशाच्या दोनतृतीयांशाचें अर्धें दिलें. तर किती दिलें? गुणाकार केला म्हणजे द्रम्माचा १२८० वा भाग येतो. आणि द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या धरल्या म्हणजे द्रम्माच्या कवड्याही बरोबर १२८० होतात. म्हणजे एवढ्या अपूर्णांकांची मिरवणूक काढून त्या गृहस्थानें दिली एक कवडी! हा विनोद उंची आहे. तथापि ह्या कोड्याचें उत्तर कोड्यांतच आहे. सरळ खणीत गेलें कीं हातीं लागतें. कोऱ्या कागदाचें तसें नाहीं. तेथें खणावयास जमीनच दिलेली नाहीं.

कागदावर अक्षर नसतां त्याचा अर्थ लावण्याची पाळी दुसऱ्या एका मोठ्या माणसावरही आली होती. इराणचा बादशहा दारयवहु शक लोकांवर चालून गेला असतां त्यांनीं त्यास एक पक्षी, एक उंदीर, एक बेडूक आणि पांच बाण पाठविले, असें हिरोडोटसनें लिहिलें आहे. बादशहानें अर्थ काढला कीं, हे लोक भूमि, जल आणि शस्त्रें आपल्या हवालीं करीत आहेत. गोब्रियस नांवाच्या सरदारानें दुसराच अर्थ सांगितला: पक्षी होऊन आकाशांत उडाल्याखेरीज, उंदीर होऊन बिळांत शिरल्याखेरीज किंवा बेडूक होऊन डबक्यांत उडी मारल्याखेरीज ह्या बाणांतून तुमची सुटका नाहीं. पुढें बादशहास परत फिरावें लागलें. बादशहा गर्वानें चुकला, हें तर खरेंच. पण त्याहून मौजेचें असें कीं, निरोपांत आपण विजेते आहों हें त्यानें वाचण्यापूर्वींच ठरवून टाकलें होतें.

आमच्या वर्गांतलीं उत्तरें एका दृष्टीनें दारयवहूचींच होतीं. हुशार, विनोदी, परंतु पत्र पाठविणारा एक आणि घेणारा दुसरा, ह्या दोघांत डाव चालला आहे, आणि त्यांत आपण वरचढ ठरलें पाहिजे, ही गोष्ट प्रत्येकानें धरून चाललेली. खुद्द मुक्ताबाईची थट्टाही, आदरपूर्वक सांगतों, ह्याच जातीची आहे. फक्त ती इतकी नेमकी आहे कीं तिच्यापुढें दुसरी सुचत नाहीं.

ज्ञानदेवांचें उत्तर पाहावें. पासष्टी आम्हीं इंग्रजी टीकाग्रंथांच्या नादांत कैक वर्षें उघडली नव्हती. उघडली तेव्हां पहिल्या ओवीशींच थबकलों. तेथें चिरंजीवही नाहीं आणि तीर्थरूपही नाहीं. मंगलवाचक शब्द उच्चारून ज्ञानदेव वटेश्वराचें नांव घेतात, ज्याच्यावरून चांगदेवांस चांगा वटेश्वर म्हणत. पुढें त्यांस वटेश्वराचा पुत्र म्हणून हांक मारतात. कोणाचा धाकटा आणि कोणाचा वडील, हा वादच तेथें उरत नाहीं. मग एकामागून एक दृष्टांत येतात. आरसा पुढें धरला म्हणजे मुख दिसतें. पण आरसा नव्हता तेव्हां मुख नव्हतें असें नाहीं. मीठ पाण्याचा ठाव घ्यावयास पाण्यांत उतरलें, तर माप घेऊन परत कोण येणार? तसेंच तुझी भेट घेऊं जातां होतें. एकच वस्तु पाहणारी आणि तीच पाहिली जाणारी, असें आहे. मग कोणीं कोणास पाहावें?

वेदान्ताचें निरूपण म्हणून हें नेहमी वाचतात, आणि तें योग्यच आहे. आम्हीं ह्यास कोड्याचें उत्तर म्हणूनही वाचावें असें म्हणतों. चांगदेवांचा प्रश्न होता, समोरचा माझ्याहून लहान कीं मोठा? हा प्रश्न उभा राहण्यास निदान दोन माणसें लागतात. ज्ञानदेवांनीं लहान म्हटलें नाहीं, मोठा म्हटलें नाहीं, बरोबरीचा असेंही म्हटलें नाहीं. त्यांनीं दोन हा आंकडाच काढून घेतला. मुलीनें खडा वाटेवर टाकावा तसा! ज्या समाजानें ह्या मुलांस कोणत्याही पायरीवर उभें राहूं दिलें नाहीं, त्यांच्यापैकीं एकानें शिडीच उचलून बाजूस ठेवून दिली. आणि ही गोष्ट त्यानें रागानें केलेली नाहीं. ओव्या इतक्या शांत आहेत कीं, लेखकास कोणीं छळलें होतें ह्याचा मागमूसही त्यांत लागत नाहीं.

आतां इतिहासाकडे वळतों, नाहींतर आमचे व्यवसायबंधु रागावतील. पासष्टींत कोऱ्या कागदाचा उघड उल्लेख आढळत नाहीं. चांगदेव-ज्ञानदेवांची भेट पुढच्या संतचरित्रकारांनीं रंगवून सांगितली. त्यांतील महिपतींचा 'भक्तविजय' शके १६८४ मधला, म्हणजे इसवी सन १७६२ चा. ज्ञानदेवांची समाधि शके १२१८ ची, इसवी सन १२९६. मधें साडेचारशें वर्षांहून अधिक काळ गेला. शिवाय चांगदेव कोणते? त्या शंभर वर्षांच्या अल्याडपल्याड ह्या नांवाचीं माणसें एकाहून अधिक आहेत. महानुभावांच्या पंचकृष्णांत एक चांगदेव राऊळ आहेत. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख आहे. त्यांत भास्कराचार्यांचे नातू, सिंघण यादवाचे ज्योतिषी चांगदेव, ह्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं काढलेल्या मठाची हकीकत आहे. म्हणजे जळगांव जिल्ह्याच्या एका टोंकास गणित शिकविणारा चांगदेव, आणि दुसऱ्या टोंकास हिशेबांत न बसणाऱ्या वयाचा चांगदेव!

त्या वयाचाही उलगडा निरनिराळ्या प्रकारें करतां येईल. एकाच नांवाचे योगी एकामागून एक त्या स्थानीं होऊन गेले असावेत, आणि लोकांनीं सर्वांचें आयुष्य एकाच्या खात्यांत जमा केलें असावें. हा तर्क आम्हांस संभवनीय वाटतो, पण तो तर्कच. आमच्या एका विनोदी मित्राचें म्हणणें असें कीं, चौदाशें हा आंकडा विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस उत्तरें देऊन थकलेल्या एखाद्या गुरूनें स्वतःच सांगितला असावा.

आणि कागद. आमच्या त्या विद्यार्थ्याची शंका आमच्या मनांतून गेली नाहीं. दक्षिणेंत कागदाचा सर्रास वापर सुलतानांच्या अमदानींत फैलावला. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याची परंपराही आपला आरंभ महंमद तुघलकाच्या काळाशीं, म्हणजे चौदाव्या शतकाशीं जोडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस तापीकांठच्या एका मठांत, नुसता कोराच पाठवून देण्याइतका कागद सहज पडलेला असावा, हें धरून चालतां येत नाहीं. पत्र गेलेंच असेल तर तें ताडपत्रावर किंवा दुसऱ्या कशावर गेलें असेल. आणि कोऱ्या कागदाची ही कथा आजच्या रूपास आली ती कागद घरोघर झाल्यावर, मायन्यांचें बंड माजल्यावर आली असावी. हें आम्हीं सर्व पुराव्यांनिशीं जुळविलें, तेव्हां लक्षांत आलें कीं, आम्ही मागच्या बाकावरून विचारलेल्या प्रश्नापर्यंत येऊन पोंचलों आहों. त्यास दहा वर्षें लागलीं होतीं. वर्गांतल्या चाळीस मुलांत आडवा विचार केला तो एकानें, आणि त्यालाच आम्हीं पळपुटा म्हटलें.

आजी असती तर तिनें आम्हांस कान धरून उभें केलें असतें. यात्रेंतून परतांना आम्हीं तिला एकदां मोठ्या ऐटींत विचारलें होतें कीं, त्या कागदाला तूं काय उत्तर दिलें असतेंस? ती म्हणाली, "उत्तराचं मंग पाहू रे, पन कागद आननाऱ्याले पानी तरी इचारलं का कोनी?" तापीकांठाहून आळंदीपर्यंत पायीं आलेला तो शिष्य कोणाच्याच गोष्टींत नाहीं. चांगदेवांच्या लक्षांत नाहीं, कीर्तनकारांच्या नाहीं आणि आमच्या वर्गांतल्या हुशार मुलांच्याही नाहीं. अक्षरशत्रु असलेल्या म्हातारीस मात्र प्रथम तोच दिसला.

मुलाला पत्र लिहावयाचें आम्हीं ठरविलें. तो आतां दुसऱ्या जिल्ह्यांत अध्यापक आहे, हें कळलें होतें. कागद पुढें घेतला, आणि चांगदेवांची अडचण आम्हांस त्या दिवशीं खरी समजली. 'चिरंजीव' लिहावें तर ती वडीलकी. चूक कबूल करतांनाही पाठीवरून हात फिरविल्यासारखें. 'श्रीयुत' लिहावें तर तें कचेरींतलें. 'प्रिय' लिहावें, तर ज्याला भर वर्गांत हंसविलें त्यास प्रिय म्हणण्याचा आमचा अधिकार कोणता? मराठी मायन्यांत धाकट्यास आशीर्वाद आहे, वडिलांस नमस्कार आहे. वडील माणसानें धाकट्याची क्षमा मागावयाची झाल्यास कोणता मायना, हें कोणत्याही मेस्तकांत आम्हांस आढळलें नाहीं. तीन कागद फाडले. मुलगी म्हणाली, "बाबा, फोन करा ना!" तिचें उत्तर तिच्या वयास शोभण्यासारखें होतें, आमच्यानें झालें नाहीं. आठ दिवस कागद टेबलावर कोराच राहिला, आणि घरांतल्या माणसांनीं आम्हांस चांगदेव म्हणावयास आरंभ केला.

यात्रेच्या दिवसांत मुक्ताईला जाऊन आलों. परंपरा अशी कीं, चांगदेवांस शेवटीं उपदेश केला तो ज्ञानदेवांनीं नव्हे, मुक्ताबाईनें; आणि तिच्या नांवावर असलेल्या एका अभंगांत ती ह्या चौदाशें वर्षांच्या शिष्यास आपलें तान्हें समजून पाळण्यांत जोजविते, असें मानतात. तिचें स्वतःचें आयुष्य विशीच्या आंतच सरलें. शके १२१९ मध्यें ह्याच तापीकांठीं वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असें सांगतात. म्हणजे कागद कोरा ठेवून जो शब्द चांगदेवांनीं टाळला, तो फिरून त्यांच्याच वाट्यास आला. पत्र मुलास जावयाचें होतें, आणि चिरंजीव झाले ते स्वतः.

घरीं येऊन आम्हीं पत्र लिहिलें. मायन्याची जागा तेवढी कोरी सोडली. खालीं घडलेली हकीकत, कागदाविषयीं नंतर जुळविलेला पुरावा, आणि त्या दिवशीं त्याचें बरोबर होतें, आमचें चुकलें होतें, एवढें एक वाक्य. भक्तविजयाचा शकही संदर्भासाठीं दिला.

तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. त्यांतही वरची जागा कोरीच होती. ती घटना आपण विसरलों नव्हतों, असें त्यानें सरळ लिहिलें होतें. कागदाविषयीं आपण पुढें कांहीं वाचलें नाहीं, वाचावेंसेंच वाटलें नाहीं, असेंही लिहिलें होतें. मग अर्धे पान त्याच्या वर्गांतल्या मुलांविषयीं होतें. आणि शेवटीं ताजा कलम: शके १६८४ म्हणजे इसवी सन १७६१ असें आपण लिहिलें आहे, अठ्ठ्याहत्तर मिळविले असतां १७६२ येतात, कृपा करून पाहावें.